दोष आदी सांगणारी ईनबाई

“ही पोरगी. दोष आदी सांगतो. तोंड फटकळ हाय, सैपाक येत नाई, अन् समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यायची सवय नाई. आता इचं ऐका.”

पारावर जमलेल्या गावाला माझी ओळख करून देताना ईनबाई एवढंच बोलली आणि बाजूला बसून तंबाखू मळू लागली. मी नदीवर बोलायला आले होते. हातात पत्रकांचा गठ्ठा, डोक्यात संताप आणि पहिलं वाक्य पाठ. गाव पोटभर हसलं. मला वाटलं, सभा बुडाली. पण हसून झाल्यावर माणसं सरसावून बसली आणि शेवटपर्यंत उठली नाहीत. माझ्यात खोट काय ते आधीच कळलं होतं, शोधत बसायचं काम उरलं नव्हतं. आजही कुठं बोलायला उभी राहिले की मी तिचं तेच वाक्य स्वतःबद्दल म्हणून टाकते. अजून तरी कधी फसलं नाही.

आमच्या वऱ्हाडात विहिणीला ईन म्हणतात आणि व्याह्याला इवाई. या बाईनं उभा जन्म सोयरिकी जुळवल्या. सातपुड्याच्या पायथ्यापासून खाली मोताळ्यापर्यंत तिच्या शब्दावर सुना आल्या, लेकी गेल्या. पोरीकडचे तिला ईन म्हणायचे, पोराकडचेही ईन म्हणायचे. होता होता ती सगळ्या मुलखाचीच ईनबाई झाली. आणि स्थळ सांगताना गुण मागून सांगणारी त्या मुलखात ही एकटीच. बैठकीत, चहा यायच्या आत, सगळ्यांसमोर: “पोरगं डाव्या कानानं कमी ऐकते. बाप चिडका हाय. घरची म्हैस दूध देते, पन लाथ मारते. आता गुन सांगतो.” एका पोराच्या बापानं तिला अंगणात गाठून विचारलं होतं म्हणे, की थोडं झाकलं असतं तर काय बिघडलं असतं. ती म्हणाली, “झाकलेलं लग्नानंतर उघडं पडते, अन् शिव्या मले पडतात.”

पुण्याच्या एका शिबिरात मी बोलण्याच्या भरात ‘मी सांगतो’ म्हणाले, तेव्हा मागच्या रांगेतून खसखस ऐकू आली. बाई असून ‘सांगतो’? आमच्याकडं बायाही ‘सांगतो’च म्हणतात, हे मी तिथं चढ्या आवाजात सांगितलं आणि त्या आवाजाचं बळ ईनबाईच्या घरातून आलेलं होतं.

तिच्या घरातली मागची खोली मी भाड्यानं घेतली होती. पहिल्या दिवशी दारात उभी राहून मी जयभीम घातला, पिंपळगाव राजाची आहे म्हणून सांगितलं, आणि काही कुरकुर होते का ते पाहत राहिले. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “तुमच्यातले दोन संसार म्या लावले. दोनी नवरे बायकोले भेतात. ये आत.”

नवरे पारखायची तिची रीत निराळी होती. पोरगा नोकरीवर जाणारा असला की ती नांदुऱ्याच्या स्टेशनवर जायची आणि गाडीच्या वेळेला डोक्यावर मोठं गाठोडं घेऊन त्याच्याच डब्याच्या दाराशी घुटमळायची. गाठोड्यात जुनी लुगडी असायची. पोरानं गाठोडं हाती घेऊन तिला वर चढवलं तर स्थळ पुढं जायचं. एका इंजिनीअरनं तिला कोपरानं सरकवून आधी जागा धरली. पुढल्या आठवड्यात त्याच्याच घरच्या बैठकीत ती बसलेली. पोरगा तिच्या पाया पडायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. तिनं दोष सांगितला तो एवढाच: “गाडी याले फार लवकर धरा लागते.”

आणि पाणी. कुठल्याही घरी गेली की चहा नको म्हणायची, पाणी मागायची. पेला उजेडाकडं धरून पाहायची, एक घोट तोंडात घोळवायची, मग बोलायला लागायची. पाणी कुठून येतं, कोण आणतं, हंडा कोणाच्या डोक्यावर असतो, हे त्या घोटावरून काढत काढत ती घराच्या आतपर्यंत पोचायची. माझ्या अर्जांची भाषा तिला कळायची नाही, पण पाण्याच्या पेल्यातून घर वाचणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आता ज्या पाण्यानं मी तिच्या दारात आले, ते सांगते.

तिच्या अंगणामागून नदी जाते. नकाशात तिला नाव नाही, गावात आहे: धाकली. उगम सरहद्दीपलीकडं, मध्य प्रदेशात. डोंगर उतरून ती आमच्या बुलढाणा जिल्ह्यात येते. वरच्या अंगाला, सरहद्दीला लागून जे गाव आहे, त्याच्या शिवारात दगडाची खदान होती. खदानीवर क्रशर, आणि क्रशरला जोडून वाळू धुण्याचं यंत्र. दगड दळून वाळू करायची, धुवायची, विकायची, आणि धुण्याचा गाळ नदीकाठी ओतायचा. दगड संपला तसा ठेकेदार यंत्रं उचलून निघून गेला. गाळाचा डोंगर तेवढा ठेवून गेला. दर पावसाळ्यात तो डोंगर थोडा थोडा खाली यायचा आणि धाकली राखाडी व्हायची. गाळ नदीच्या तळाशी बसून गिलाव्यासारखा थापला जायचा. त्यातून पाणी जिरायचं नाही, आणि काठच्या विहिरीत जे उतरायचं तेही राखाडीच. हंडा भरून ठेवला की बुडाशी बोटभर चिखल.

मी इकडच्या कार्यालयात अर्ज दिला. ढीग आमच्या राज्यात नाही, असं उत्तर मिळालं. तिकडच्या कार्यालयात गेले, तर नुकसान हमारे राज्य में नहीं है. दोघंही आपापल्या कायद्यानं बरोबर होते आणि नदी मधल्या मधे मरत होती. ठेकेदारावर बोलायला तर दोन्हीकडं कोणाच्या तोंडात जीभच नव्हती. मी पत्रक काढलं: ‘राखाडी पाण्याचे गुन्हेगार’. त्यात ठेकेदार पहिला होता आणि खदानीला जमीन देणारं वरचं गाव दुसरं.

ईनबाईनं ते माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि म्हणाली, “इवायाले चोर म्हनलं तू.”

कोणाचा इवाई, असं मी विचारलं.

“धाकलीचं माहेर तेच नाई काय? तिकडं जन्मली, इकडं नांदाले आली. मंग ते आपले कोन लागतात?”

ती थट्टा करते आहे असं मला वाटलं. सोयरिकीच्या बाबतीत ती थट्टा करत नसे.

तिचा जीव कशात अडकला होता, ते मला गावात राहिल्यावर कळलं. आसपासच्या मुलखात या गावाला ‘राखेच्या पाण्याचं गाव’ म्हणायला लागले होते. आणि लग्नाच्या बैठकीत राख हा शब्द निघाला की पुढचं बोलणं होत नाही. बाकी लोकांनी तो शब्द टाळला असता. पण या गावच्या पोराचं स्थळ घेऊन जाणारी ईनबाईच, आणि तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: “गावचं पानी राखेचं हाय. आता पोराचे गुन सांगतो.” गुण ऐकायला कोणी थांबायचं नाही. गावातल्या पोरांची वयं वाढत चालली. आयाबाया तिच्या दारात येऊन रडल्या, बापे चिडले, एकानं तर ‘ही म्हातारी आपलं गाव बिनसुनांचं करते’ असं पारावर बोलून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या बैठकीत पुन्हा तेच वाक्य म्हटलं.

मग पाळी तिच्या नातवाची आली. त्याचं वेल्डिंगचं दुकान, हात चांगला, तिशी उलटत आलेली. मोताळ्याकडचं स्थळ होतं. पोरीचा बाप घरी आला, सगळं जमलं, सुपारी फुटायची तेवढी बाकी. लोकांना वाटलं, आज तरी ही गप्प बसेल. ईनबाईनं विहिरीचं पाणी काचेच्या पेल्यात आणवलं आणि त्या बापाच्या पुढ्यात ठेवलं. त्यानं पेल्याकडं पाहिलं, टोपी सारखी केली आणि उठला.

पाहुणे गेल्यावर नातू तिच्यासमोर उभा राहिला. “तू माही आजी हायेस का दुश्मन?”

“आजी हाय, म्हनूनच. उद्या तुही बायको हेच पानी डोक्यावर आनन. तिच्या मायबापाले म्या काय तोंड दाखवू?”

त्यानंतर तो घरी जेवेना. ती रोज डबा दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवून यायची, तो रिकामा डबा तिथंच ठेवून द्यायचा. दोघं बोलत नव्हते, पण डब्यात एक दिवसही भाकर उरली नाही. होळी झाली आणि एका सकाळी तिनं मला हाक मारली. “उठ व. माहेरी जा लागते.”

मी मोर्चा काढायचं म्हणत होते. फलक तयार होते. तिनं ते माझ्या हातून काढून घेतले आणि कोठीत ठेवले. मोर्चा दुश्मनावर नेतात, इवायावर नाही, आणि इवायाच्या दारी जायची रीत असते. ठेवणीतलं लुगडं नेसली. खण, नारळ, तांदूळ घेतले. आणि तांब्या भरून विहिरीचं पाणी. नातवाला म्हणाली, जीप काढ. त्यानं कुठं जायचं विचारलं नाही. निदान जीप तरी काढली.

वरच्या गावच्या पटेलच्या ओट्यावर आम्ही बसलो. पटेल म्हणजे तिथला मुखिया, पांढऱ्या मिशांचा, सारखा खोकणारा माणूस. गाव भोवती गोळा झालं. माझं पत्रक तिथवर पोचलेलं होतं, आणि ते मीच लिहिलं हेही. लोकांच्या नजरा मला टोचत होत्या, आणि मी त्या परत टोचत होते. ईनबाई म्हणाली:

“इवाई, दोष आदी सांगतो. आमचा.”

मी तिचा पदर ओढला. तिनं सोडवून घेतला.

“ह्या खदानीची गिट्टी आमच्या रस्त्यात हाय. आमच्या पंचायतीच्या भिंतीत हाय, माह्या ओट्यात हाय. क्रशर चालू होता तवा आमच्या गावचे ट्रॅक्टर इकडं भाड्यानं लागत, अन् पोरं घरी पैसे आनत. तवा आमी धाकलीचं नाव घेतलं नाई. आता तोंडात चिखल आला तवा आलो.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. समोरच्याला आपल्याच हातानं मुद्दा देऊन टाकणं, हे कुठल्या चळवळीत शिकवतात? मी ओट्यावरून उठणार, तेवढ्यात पटेल बोलायला लागला. थांबत थांबत, खोकत. जमीन पंचायतीची होती, अंगठे आम्ही दिले. काम मिळालं, घरं पक्की झाली. मग धूळ छातीत गेली. “ये खांसी उसी की है, समधन. मेरी अकेले की नहीं, आधे गाँव की.” ठेकेदार गेला तेव्हा त्याच्यामागं कोणी धावलं नाही, कारण गावालाच लाज वाटत होती.

ती लाज सगळ्यांच्या देखत उघड झाली आणि ओट्यावरची हवा सैल पडली. माझ्याकडं टोचून पाहणारे आता जमिनीकडं पाहू लागले. ईनबाईनं तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. “हे तुमच्या लेकीच्या सासरचं पानी. प्या म्हनत नाई. पाहा.” पेला हातोहात फिरला.

आणि मग तिनं तिचा डाव टाकला. पटेलची पुतणी लग्नाची आहे, अंगणवाडीत काम करते, हे तिला ठाऊक होतं. ईनबाईच्याच बिरादरीची होती. ईनबाई म्हणाली, ढीग हलवायचं कागदावर लिहून घेत नाही, कागद सरहद्दीवर अडतो. तुमची पोरगी आमच्या घरात द्या. तुमची लेक ते पाणी पिणार असेल तर तुम्ही ते घाण राहू देणार नाही.

जीपजवळ उभ्या असलेल्या नातवाच्या हातातली किल्ली खाली पडली.

मी उठलेच. “पोरगी म्हणजे काय तारण आहे? ढीग उचलायची हमी म्हणून माणूस ठेवून घेणार?” सगळ्या गावासमोर, ईनबाईच्या तोंडावर बोलले, आणि आज पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला.

“दीदी ठीक कह रही है.” ती पुतणी. हातात तोच राखाडी पाण्याचा पेला होता, फिरत फिरत तिच्यापर्यंत आलेला. “पहले ढेर हटाओ. फिर मैं आऊँगी, पानी देखने. लड़का उसके बाद देखूँगी.”

पटेल गडबडला. कोणीतरी पोरीला आत जायला सांगितलं, ती गेली नाही. ईनबाईच्या चेहऱ्यावर मी तसं हसू पुन्हा कधी पाहिलं नाही. गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, “दोष आदी पाहते ही. आपल्याच वळनाची हाय.” मग माझ्याकडं वळून, हळूच: “तू बोलली नसती त ती बोलली नसती. बस आता.”

त्या उन्हाळ्यात दोन्ही गावांचे ट्रॅक्टर एका रांगेत लागले. ज्या खड्ड्यातून तो दगड निघाला होता, त्याच खदानीत गाळ परत टाकायचा आणि तोंडाशी दगडी बांध घालायचा, असं ठरलं. नांदुऱ्याच्या एका मुसलमान व्यापाऱ्यानं आपली खोदाईची मशीन धाडली. त्याच्या मेहुण्याचं लग्न ईनबाईच्या ओळखीतून झालं होतं. आणि खाली आमच्या गावानं जे केलं ते मी त्याआधी ऐकलंही नव्हतं: कोरड्या नदीत बैलं उतरवली आणि पात्रात वखर फिरवले. तळाचा तो गिलावा वावरासारखा फोडला, वेचला, वाहून काढला. नातू मोडलेल्या वखरांच्या पाशी तिथंच नदीत बसून वेल्डिंग करायचा. डबा तिथंच खायचा, आजीसमोर बसून.

एक अधिकारी जीप घेऊन आला, कुठल्या राज्याचा ते जाणूनबुजून सांगत नाही. ही उचल कोणाच्या परवानगीनं चालली आहे, असं त्यानं विचारलं. ईनबाई काठावर छत्री घेऊन बसली होती. “लग्नाची तयारी करून राह्यलो, सायेब. नवरी येनार हाय त वाट साफ नको काय? ढीग तुमचा असंन त सांगा, तुमच्या दारात आनून टाकतो.” ढीग आमचा नाही, असं तो चटकन म्हणाला. “मंग बसा, पानी प्या,” ती म्हणाली. तो पाणी न पिता गेला.

ठेकेदाराचं काय, असं लोक मला विचारतात. तो सुखरूप आहे. दुसऱ्या डोंगराला लागला आहे. ज्याची घाण होती त्यानं एक पाटीसुद्धा उचलली नाही; उचलली ती खोकणाऱ्या माणसांनी आणि बिनलग्नाच्या पोरांनी. हा न्याय नाही, आणि मी याला न्याय म्हणणार नाही. ईनबाईशी याच्यावर माझं कडाक्याचं भांडण झालं. तिनं ऐकून घेतलं आणि वाटणी करून टाकली: “ढीग माहा, ठेकेदार तुहा.” तिच्या वाटणीचं तिनं केलं. माझ्या वाटणीचं चालू आहे. दोन्ही राज्यांत चालू आहे, आणि मी सोडणार नाही.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर दिवाळी झाली आणि ती पुतणी आली. सोबत पटेल आणि चार बाया. मी पाणी तपासून घेतलं होतं, अहवाल चांगला होता, तो मी पुढं केला. तिनं वाचला, घडी घालून मला परत दिला आणि विहिरीवर गेली. स्वतः पोहरा सोडला, पेला भरला, उजेडाकडं धरला. ईनबाई दहा पावलं मागं उभी होती. मुलुखभरच्या घरांचं पाणी पारखणारी ती बाई, आपल्या विहिरीचा निकाल दुसऱ्याच्या हाती देऊन, पदराचं टोक चावत होती. पोरीनं एक घोट तोंडात घोळवला. मग दुसरा. पेला रिकामा करून पालथा घातला आणि म्हणाली, “हाँ. अब लड़का दिखाओ.”

आता ती तिथंच नांदते. नवऱ्याला दुकानाच्या हिशेबावरून झापते. ईनबाईनं लावलेल्या संसारांची रीत इथंही मोडली नाही. तोही बायकोला भितो.

मी गेल्या वर्षी खोली सोडली. कामानं बुलढाण्याला राहते. मध्यंतरी ईनबाईनं बोलावणं धाडलं: गावातल्या एका पोराला पाहायला पाहुणे येत आहेत, तूही ये, शिकलेलं माणूस बरं दिसते. मी गेले. तिनं पाहुण्यांची गाडी गावात जाऊच दिली नाही, नदीच्या पुलावर थांबवली आणि सगळ्यांना खाली उतरवलं. खाली धाकली वाहत होती, तळाचे गोटे दिसत होते. पोरीच्या बापाच्या कानावर जुनं नाव आलेलं असणार. तो वाकून पाण्याकडं पाहत होता, पण विचारायला धजत नव्हता. मी कठड्याला टेकून उभी होते. तिचं पहिलं वाक्य काय असतं, ते मला तोंडपाठ होतं, आणि इतकी वर्षं पाहुणे त्यातल्या कुठल्या शब्दावर उठायचे तेही.

ईनबाईनं पदर सारखा केला. खाली हात केला, एखाद्या सुनेकडं करावा तसा.

“ही धाकली. दोष आदी सांगतो. उन्हायात आटते. बाकी चांगल्या घरची हाय.”